पट्टी नेमकी कुणीकडे? चार उलटे डायोड आणि एक फुगलेला कपॅसिटर

सांगलीत संध्याकाळी मी हाताने इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. येणारी पोरं बहुतेक आयटीआय किंवा तंत्रनिकेतनातली. फळ्यावरचं त्यांना बऱ्यापैकी येत असतं, पण सोल्डरिंगची इस्त्री हातात आली की फळा आणि बोर्ड यांची गाठ पडत नाही. त्यातलंच हे एक प्रकरण. दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने घरी केलेला १२ व्होल्टचा पॉवर सप्लाय दोन वेळा, दोन वेगळ्या तऱ्हांनी बिघडला. धांदरटपणा यात कुठेच नव्हता, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहून ठेवतोय. त्याने प्रत्येक डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, विचार करून, तपासून आणि चित्राशी पडताळून बसवला होता. तरीही चारही उलटे बसले.

काय करायचं होतं

घराच्या गच्चीवरची टाकी मोटारीने भरताना वाहू लागते, म्हणून त्याला अलार्म करायचा होता. टाकीत दोन तारा सोडायच्या, पाणी तिथवर आलं की बीसी५४७ ट्रान्झिस्टर चालू व्हायचा, त्याने रिले (विजेने चालणारा स्विच) ओढायचा आणि रिलेने बझर वाजवायचा. या सगळ्याला १२ व्होल्ट डीसी लागणार. त्यासाठी २३० व्होल्टवरून १२ व्होल्ट देणारा १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिजसाठी, म्हणजे एसीची डीसी करणाऱ्या जोडणीसाठी, चार १एन४००७ डायोड, ती डीसी सपाट करायला १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कपॅसिटर, आणि सप्लाय चालू आहे हे दाखवायला रेझिस्टरसकट एक लाल एलईडी. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला, म्हणजे २३० व्होल्टच्या बाजूला, फ्यूज ५०० मिलिअँपिअरचा, कारण दुकानात तेवढाच मिळाला. हा फ्यूज पुढे परत येणार आहे.

आधी त्याने फक्त ट्रान्सफॉर्मर आणि ब्रिज जोडून पाहिला. ही सवय चांगली. मित्राच्या डिजिटल मीटरने आउटपुटच्या प्लस-मायनसच्या रेघांवर मोजलं, तर आकडा दहा-अकराच्या आसपास आला, पण त्याच्या आधी वजाची खूण होती. प्रोब उलटे धरले गेले असतील असं समजून त्याने तांबडा-काळा बदलून धरला. खूण गेली. आकडा तोच, वजा नाही, म्हणजे ब्रिज चालतोय. मग कपॅसिटर आणि एलईडी सोल्डर केले आणि पुन्हा चालू केलं.

एलईडी पेटला नाही. थोड्याच वेळात कपॅसिटर गरम झाला, त्याचं वरचं सपाट टोपण फुगलं, मग त्यावरच्या खाचा उकलल्या आणि आंबूस वासाचा धूर निघाला. त्याने पिन काढली.

शेजारचे वायरमन काका आले. त्यांनी बोर्ड पाहून सांगितलं, "एखादा डायोड उलटा बसलाय तुझा, तो फिरव." सल्ला अनुभवाचा होता, कारण बहुतेक वेळा असंच असतं. त्याने नवीन कपॅसिटर घातला आणि कडेचा एक डायोड उपसून उलटा करून लावला. या वेळी कपॅसिटरला काहीच झालं नाही. आउटपुट मात्र जवळजवळ शून्य, ट्रान्सफॉर्मर घुंऽऽ असा जड आवाज करू लागला, त्याच्यावर हात ठेववेना, आणि वार्निश तापल्याचा वास यायला लागला. फ्यूज शाबूत. तिथे तो थांबला आणि बोर्ड पिशवीत घालून माझ्याकडे आला.

बोर्डवर काय दिसलं

काळ्या लांबट डायोडच्या एका टोकाशी रुपेरी पट्टी असते. कागदावरच्या चिन्हात त्रिकोण आणि त्याच्या टोकाला टेकलेली आडवी रेघ असते. अंगावरची पट्टी म्हणजे चिन्हातली ती रेघ. त्रिकोणाच्या रुंद बाजूला ॲनोड, रेघेच्या बाजूला कॅथोड. करंट त्रिकोणाच्या पाठीतून आत शिरतो आणि रेघेकडून बाहेर पडतो. उलट दिशेने तो जात नाही, म्हणजे व्यवहारात मोजण्याजोगा जात नाही. १एन४००७ उलट बाजूने १००० व्होल्टपर्यंत अडवून धरतो आणि सुलट दिशेने सरासरी १ अँपिअर वाहू देतो.

त्याच्या बोर्डवर तीन डायोडच्या पट्ट्या मायनसच्या रेघेकडे किंवा प्लसच्या रेघेपासून लांब होत्या. चौथा, नंतर फिरवलेला, तेवढा वेगळा. सोल्डरिंग उत्तम होतं. वहीत ब्रिजचं चित्रही पुस्तकातल्यासारखं, चारही बाण बरोबर दिशेला. चित्र बरोबर आणि बोर्ड नेमका त्याच्या उलट. म्हणजे गोंधळ चित्रावरून बोर्डकडे येतानाच्या वाटेवर झालेला.

मी त्याला विचारलं, "पट्टी कुठे बसवायची हे तू कसं ठरवलंस?"

"सर, पट्टी म्हणजे कॅथोड. कॅथोड म्हणजे निगेटिव्ह. म्हणून पट्टी मायनसच्या बाजूला."

या एका उत्तरात सगळं प्रकरण होतं. पण मी लगेच काही बोललो नाही. मला हवं होतं ते एवढंच की ही समजूत आली कुठून. मुलगा हुशार आहे, उगाच काहीतरी धरून बसणारा नाही.

समजुतीचा उगम

ती आली होती एलईडीवरून. पहिल्या वर्षाला प्रत्येकजण एलईडी पेटवतो. लांब पाय ॲनोड, तो प्लसला. आखूड पाय कॅथोड, तो मायनसला. कडेचा गोल भाग जिथे सपाट केलेला असतो तीही कॅथोडची बाजू. हे सगळं खरं आहे आणि एलईडीच्या बाबतीत दरवेळी बरोबरच ठरतं, कारण तिथे एलईडी हा भार, म्हणजे करंट वापरणारा, आहे. करंट प्लसच्या रेघेतून निघतो, रेझिस्टर आणि एलईडीतून जातो, मायनसला पोचतो. कॅथोडमधून बाहेर पडणारा करंट मायनसकडेच चाललेला असतो, म्हणून कॅथोड मायनसच्या बाजूला.

रेक्टिफायरमध्ये, म्हणजे एसीची डीसी करणाऱ्या या ब्रिजसारख्या सर्किटमध्ये, डायोड भार नाही. तो प्लसच्या रेघेला करंट पुरवतो. त्याच्या कॅथोडमधून बाहेर पडलेला करंट जिथे जमा होतो त्या जागेलाच आपण आउटपुटचा प्लस म्हणतो. म्हणून ब्रिजमध्ये ज्या दोन डायोडच्या पट्ट्या एकत्र येतात तो प्लस, आणि ज्या दोघांची साधी टोकं एकत्र येतात तो मायनस. कॅथोड हे डायोडचं एक टोक आहे. ते प्लसला जोडलं जाणार की मायनसला, हे डायोड सर्किटमध्ये कुठल्या कामावर आहे त्यावर ठरतं.

ही गोष्ट शिकवताना आपण मास्तरलोक फार घाई करतो. 'कॅथोड निगेटिव्ह' हे परीक्षेत एका गुणाचं उत्तर म्हणून चालून जातं, आणि पोरगं ते आयुष्यभर धरून बसतं. साध्या सेलचंच बघा. सेल करंट देत असताना त्याचा प्लस ध्रुव हाच कॅथोड असतो. हे ऐकलं की वर्गात निम्मे चेहरे गोंधळतात.

कपॅसिटरने यात भर घातली. त्याच्या अंगावरही पट्टी असते आणि ती मात्र खरोखरच मायनसची असते, आत वजाच्या खुणासुद्धा छापलेल्या असतात. एकाच बोर्डवर, बोटभर अंतरावर दोन प्रकारच्या पट्ट्या. कपॅसिटरची मायनसला. डायोडची? त्याने तीच धरली.

काट्याच्या मीटरची साक्ष

मी म्हटलं, "डायोड तपासून बघितले नाहीस का?"

"बघितले की सर. चारही. मगच बसवले."

इथे मला खरा रस वाटला. कारण तपासलं असतं तर समजूत तिथेच मोडायला हवी होती.

डायोड तपासले होते ते चुलतभावाकडून आणलेल्या जुन्या, काट्याच्या मीटरवर. ओहमच्या रेंजवर ठेवून एका टोकाला तांबडा प्रोब, दुसऱ्याला काळा. काटा हलला तेव्हा तांबडा प्रोब पट्टीच्या टोकाला होता. त्याने वहीत लिहिलं होतं: 'तांबडा पट्टीकडे – चालू. काळा पट्टीकडे – बंद.' तांबडा म्हणजे प्लस. मग करंट पट्टीच्या टोकातून आत जातो आणि साध्या टोकातून बाहेर पडतो. म्हणजे साधं टोक प्लसच्या रेघेला. नोंद अगदी प्रामाणिक होती, निरीक्षण बरोबर होतं आणि निष्कर्ष मात्र पुरता उलटा.

काट्याच्या मीटरमध्ये ओहम मोजताना आतल्या सेलचा करंट वापरला जातो, आणि त्या मीटरच्या रचनेमुळे सेलचा प्लस काळ्या प्रोबवर येतो. व्होल्ट मोजताना तांबडा प्लसच असतो, ओहमला तो मायनस होतो. डिजिटल मीटरमध्ये असं नसतं. तिथे डायोडच्या खुणेवर तांबडाच प्लस.

हे सांगून पटणारं नाही, म्हणून टेबलावर दोन्ही मीटर ठेवले. काट्याचा मीटर ओहमला, डिजिटल डीसी व्होल्टला, तांबड्याला तांबडा आणि काळ्याला काळा टेकवला. डिजिटलवर तीन व्होल्टच्या आसपास आकडा आला आणि त्याच्या आधी वजाची खूण. तो बराच वेळ त्या खुणेकडे बघत होता. तीच खूण त्याने घरी प्रोब बदलून घालवली होती.

मग एक नवा १एन४००७ डिजिटल मीटरवर धरायला लावला. तांबडा साध्या टोकाला, काळा पट्टीला: ०.५८ च्या जवळपास. उलटा धरला: ओएल, म्हणजे करंट जातच नाही. मीटर अगदी थोडा, साधारण एक मिलिअँपिअरचा करंट सोडून तेवढ्या करंटला डायोडवर किती व्होल्ट पडतात ते दाखवतो. सिलिकॉन डायोडला ०.५ ते ०.७ दिसलं की तो ठीक. दोन्ही बाजूंनी शून्याजवळ दिसला तर शॉर्ट, दोन्ही बाजूंनी ओएल तर आतून तुटलेला.

आता त्याच्या दोन्ही पुराव्यांकडे एकत्र बघा. पहिला सांगतो की पट्टी निगेटिव्ह. दुसरा सांगतो की पट्टीला प्लस लावला की डायोड चालतो. नीट पाहिलं तर हे दोन पुरावे एकमेकांच्या विरुद्ध आहेत. एकात पट्टीकडून करंट बाहेर पडतो, दुसऱ्यात पट्टीतून आत शिरतो. पण बोर्डवर उतरवताना दोन्ही एकाच जोडणीला जाऊन पोचले, पट्टी मायनसकडे. दोन वेगळ्या वाटांनी तेच उत्तर आलं म्हटल्यावर त्याचा विश्वास दुप्पट झाला. त्याच्या जागी कुणाचाही झाला असता.

तिसरी गोष्ट त्याने स्वतःच काढली. "पण सर, इलेक्ट्रॉन तर मायनसकडून प्लसकडे जातात. मग चिन्हातला बाण उलटा वाचायचा ना?"

हा प्रश्न दरवर्षी येतो. विजेला धन-ऋण ही नावं बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकाच्या मध्यावर दिली, तेव्हा तारेतून नेमकं काय वाहतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. करंट धनाकडून ऋणाकडे जातो असं धरून सगळी गणितं मांडली गेली. जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन दाखवून दिला तो १८९७ साली. त्याच्या तेवीस वर्षं आधी, १८७४ मध्ये, जर्मनीत फर्डिनांड ब्राउनला काही धातूंच्या सल्फाइड स्फटिकांमधून वीज एका दिशेने सोपी आणि उलट दिशेने अवघड जाते हे दिसलं होतं. म्हणजे वीज एकाच दिशेने सोडणारा पदार्थ आधी सापडला आणि इलेक्ट्रॉन नंतर. सर्किटच्या चित्रांतले सगळे बाण, डायोडचा त्रिकोण असो की ट्रान्झिस्टरच्या एमिटरचा बाण, जुन्या पद्धतीच्याच करंटची दिशा दाखवतात. इलेक्ट्रॉन त्या बाणाच्या विरुद्ध जातात, हेही खरं. एक पद्धत धरली आणि ती शेवटपर्यंत पाळली तर उत्तर तेच येतं. अर्धं सर्किट इलेक्ट्रॉनने आणि अर्धं करंटने वाचलं की मात्र घोटाळा. माझ्या वर्गात इलेक्ट्रॉन फक्त जंक्शनच्या आत काय चालतं हे समजावताना येतात. तारेवर आणि बोर्डवर मी त्यांना येऊ देत नाही.

विहिरीवरच्या पंपाच्या पाइपात जो नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो त्याच्या अंगावर ओतीव बाण असतो. प्लंबर पाणी कुणीकडून कुणीकडे जायचंय ते बघतो आणि तो बाण तसा धरतो. डायोड बसवताना तेवढंच विचारायचं: इथे करंट कुठून कुठे जायला हवा?

दोन्ही बिघाड, बोट धरून

कागदावर ट्रान्सफॉर्मरच्या दोन टोकांना अ आणि ब म्हटलं, आउटपुटच्या रेघांना प्लस आणि मायनस. योग्य ब्रिजमध्ये अ पासून प्लसकडे एक डायोड, ब पासून प्लसकडे एक, मायनसपासून अ कडे एक, मायनसपासून ब कडे एक. अ वरचढ असताना करंट अ, प्लस, भार, मायनस, ब असा फिरतो. पुढच्या अर्ध्या आवर्तनात ब, प्लस, भार, मायनस, अ. दोन्ही वेळा भारातून दिशा तीच. ५० हर्ट्झच्या विजेतून सेकंदाला १०० उसळ्या आउटपुटला मिळतात.

पहिल्या वेळी त्याचे चारही डायोड उलटे होते. ज्या रेघेला तो प्लस म्हणत होता तिच्याकडून करंट अ आणि ब कडे निघून जाऊ शकत होता, तिच्यात येऊ शकत नव्हता. म्हणजे ब्रिज चोख चालत होता, फक्त प्लस आणि मायनस यांची अदलाबदल झालेली. डिजिटल मीटरवरची वजाची खूण हेच सांगत होती. कपॅसिटर लावल्यावर तोच ब्रिज शिखर व्होल्टेजपर्यंत चढायला बघतो. १२ व्होल्टचं शिखर १७ च्या जवळपास, त्यातून दोन डायोडचे साधारण १.४ वजा. विनाभार ट्रान्सफॉर्मर लिहिलेल्यापेक्षा थोडं जास्तच देतो, त्यामुळे १७-१८ व्होल्ट. हे सगळं कपॅसिटरवर उलट्या बाजूने. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा पातळ थर एकाच बाजूने टिकतो. उलटा व्होल्ट-दीड व्होल्टसुद्धा त्याला फार काळ सोसवत नाही. थर मोडला, आतून करंट वाहू लागला, द्रव तापला, वायू झाला, आणि डोक्यावरच्या खाचा ज्यासाठी मुद्दाम पाडलेल्या असतात ते काम त्यांनी केलं. एलईडी पेटला नाही, कारण तो बरोबर बसवलेला होता. एलईडी हाही डायोडच; बोर्डवरचा तो एकटा सुलटा डायोड, आणि सप्लाय उलटा आहे हे तोच सांगत होता.

दुसऱ्या वेळी चारपैकी एक सुलटा केला, तीन उलटेच राहिले. त्याला मी पेन्सिल दिली आणि अ वरचढ आहे असं धरून बोट फिरवायला सांगितलं. अ पासून सुलट्या डायोडमधून प्लसच्या रेघेवर. तिथून भाराकडे जायच्या आधीच शेजारचा उलटा डायोड उघडा, त्यातून थेट ब. भार मध्ये आलाच नाही. ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी, म्हणजे १२ व्होल्टची बाजू, दोन डायोडमधून सरळ शॉर्ट. पुढच्या अर्ध्या आवर्तनात मायनसच्या रेघेवर दोन्ही डायोड आत येणारे, बाहेर जायला वाटच नाही, सगळं बंद. म्हणजे अर्धा वेळ शॉर्ट, अर्धा वेळ काहीच नाही. आउटपुट शून्य हे आपोआप समजतं.

त्या जड घुमण्याचं कारणही यातच आहे. सेकंडरीतून करंट एकाच दिशेने जात राहिला की गाभ्यात एकाच बाजूचं चुंबकत्व साचत जातं, गाभा संपृक्त होतो आणि प्रायमरी जास्त करंट ओढायला लागते. साधा शॉर्टही घुमतो, पण हा अर्ध्या आवर्तनाचा शॉर्ट जरा जास्तच घुमतो. ऐकून ऐकून कान तयार होतो.

आणि फ्यूज? १२ व्होल्ट १ अँपिअर म्हणजे १२ व्होल्ट-अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर. पूर्ण भारावर त्याची प्रायमरी २३० व्होल्टवर जेमतेम ५०-५५ मिलिअँपिअर घेते. शॉर्टमध्ये ती तिप्पट-चौपट झाली तरी २०० च्या आसपास. ५०० चा फ्यूज तिथे नुसता बघत बसतो. आधी वायर जळणार, मग फ्यूज. एवढ्या ट्रान्सफॉर्मरला १०० मिलिअँपिअरचा, सावकाश उडणारा फ्यूज पुरतो. दुकानात नसेल तर दुसऱ्या दुकानात जावं.

वायरमन काकांचा सल्ला वाईट नव्हता, पण तो लक्षण न विचारता दिलेला होता. एक डायोड उलटा असता तर ट्रान्सफॉर्मर पहिल्याच वेळी घुमला असता आणि कपॅसिटरवर जवळजवळ व्होल्टेजच आलं नसतं. कपॅसिटर फुगला, ट्रान्सफॉर्मर शांत, आणि ब्रिजवर नुसता मोजला तर वजा दहा: हे चारही उलटे असल्याचं चित्र आहे. एका रेघेला जोडलेले दोनच उलटे असते तर सगळं थंड, आउटपुट शून्य, आवाजही नाही. चुकीचे डायोड किती आणि कुठले हे बोर्ड उलटा करून न बघताही या लक्षणांवरून कळतं.

दुरुस्ती

तापलेले दोन डायोड मीटरवर ठीक दिसले तरी टाकून दिले. रुपया-दोन रुपयांच्या वस्तूसाठी पुन्हा बोर्ड उघडायची हौस मला नाही. बाकीचे दोनही काढून चारही नवे, प्रत्येक डिजिटल मीटरवर तपासून. बसवण्याआधी त्याने बोर्डवर स्केचपेनने बाण काढले, अ आणि ब पासून प्लसकडे, मायनसकडून अ आणि ब कडे, आणि बाणाच्या टोकाला पट्टी. 'प्लस', 'निगेटिव्ह' हे शब्द वापरायचे नाहीत एवढीच अट.

पहिल्यांदा चालू करताना फेजच्या वायरीत १५ वॉटचा साधा बल्ब सिरीजमध्ये घातला. दुरुस्तीवाल्यांच्या टेबलावर हा सिरीज लॅम्प असतोच, शिकणाऱ्यांच्या घरी नसतो. पुढे शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो आणि करंट तिथेच आवरतो. सगळं ठीक असेल तर क्षणभर लुकलुकून विझतो. विझला. कपॅसिटरशिवाय मीटरवर अकराच्या जवळपास, वजाशिवाय, प्रोब न बदलता. कपॅसिटर लावल्यावर १७.८. लाल एलईडी पेटला.

हा सप्लाय तसाच रिलेला देऊ नये, म्हणून पुढे आउटपुट १२ व्होल्टवर धरून ठेवणारा ७८१२ रेग्युलेटर घातला. त्याला आउटपुटपेक्षा दोन-अडीच व्होल्ट जास्त लागतात, ते इथे भरपूर आहेत.

नवा नियम आणि त्याचा पुढचा खड्डा

पुढच्या आठवड्यात तो अलार्मचा बोर्ड घेऊन आला आणि म्हणाला, "सर, आता कळलं. पट्टी नेहमी प्लसकडे."

रिलेच्या कॉइलला समांतर जो डायोड असतो तो त्याने या नव्या नियमाने बरोबर बसवला होता. ट्रान्झिस्टर बंद होतो तेव्हा कॉइलमधला करंट एकदम थांबायला तयार नसतो, त्याला फिरायला वाट लागते, नाहीतर कॉइलवर उसळलेलं व्होल्टेज बीसी५४७ ला मारतं. डायोडची पट्टी प्लसकडे, एरवी तो बंद, आणि ट्रान्झिस्टर सुटताच कॉइलचा करंट त्यातून गोल फिरून विरतो. जुन्या समजुतीने त्याने तो उलटा लावला असता तर ट्रान्झिस्टर चालू होताच प्लसपासून डायोड आणि ट्रान्झिस्टरमधून थेट मायनस, आणि १०० मिलिअँपिअरचा तो बिचारा त्याच क्षणी गेला असता.

पण याच बोर्डच्या सुरुवातीला त्याने आणखी एक डायोड घातला होता, कुणी सप्लायची वायर उलटी खोचली तर बोर्ड वाचावा म्हणून. तो प्लसच्या वायरीत सिरीजमध्ये होता आणि पट्टी सप्लायच्या प्लसकडे. नियमाप्रमाणे. बोर्डला एक थेंबही करंट मिळणार नव्हता.

मी काही न बोलता पेन्सिल पुढे केली. त्याने सप्लायच्या पिनेवर बोट ठेवलं, बोर्डकडे सरकवलं, पट्टीशी अडलं. "इथून आत जायचंय... बाहेर पडताना पट्टी लागायला हवी." डायोड फिरला, पट्टी बोर्डकडे झाली.

झेनर डायोडची वेळ आली तेव्हा हेच पुन्हा करावं लागलं, थोडं वेगळ्या रीतीने. झेनरच्या चिन्हात रेघेची टोकं वाकवलेली असतात. तो मुद्दाम उलट दिशेने, ठरलेल्या व्होल्टेजला करंट सोडण्यासाठीच बनवलेला असतो, म्हणून त्याची पट्टी प्लसकडे आणि करंट बाणाच्या विरुद्ध. इथे तरी नियम चालला म्हणून तो खूश होता. मी त्याला झेनर सुलटा लावून मोजायला सांगितलं: ०.७. "हा तर साधाच डायोड झाला," म्हणाला.

सिरीजमधल्या त्या संरक्षक डायोडने बोर्डवर १२ ऐवजी ११.३ च्या आसपास पोचतं. रिले ओढेल का, अशी त्याला धास्ती होती. १२ व्होल्टचे छोटे रिले साधारण ९ व्होल्टला ओढतात. त्याच्या रिलेचा टक् असा आवाज पहिल्याच वेळी आला, बझर वाजला, आणि ७८१२ ला हीटसिंक लावायचं राहिलंय हे त्याला बोट लावल्यावर कळलं.